विमानातला न मावळणारा दिवस

“दिवा लागल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही हो, बाळ.” लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी हे सांगितलं, तेही माझ्या डोक्यावरून हात फिरवत. म्हणून असेल, पण तो नेम मला कधी जाच वाटला नाही. दिवसभर पाणी. सूर्य मावळला की देवापुढे दिवा, दोन शब्द त्याच्याशी, मग जेवण.

लेकीचे दिवस भरत आले आणि तिनं माझं तिकीट पाठवलं. आमचे हे शिंपी. मशीन थांबवून त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि भिंतीवरच्या नकाशावर आडवी लावली, इथल्या विमानतळापासून तिच्या विमानतळापर्यंत. वर शिलाईसाठी दोन बोटं जास्त धरली.

“बाबा, पृथ्वी म्हणजे काय कापड आहे?” व्हिडिओ कॉलवर लेक हसून बेजार. “विमान सरळ नाही येत. वर बर्फावरून वळून येतं, तेच जवळ पडतं.”

“वाकड्या वाटेनं जवळ? हा तुझ्या आजोळचा हिशेब,” हे माझ्याकडे बघत म्हणाले.

तिकिटावरची वेळ पाहून मात्र ते खूश झाले. दुपारी बाराला निघायचं, चारला पोचायचं. “बघ, चार तासांत लेकीच्या दारात! दिवेलागणीला अजून वेळच वेळ.”

“बाबा, ते इथले चार,” लेक म्हणाली. “आई चौदा तास विमानात असेल. आणि सूर्य तिच्या बरोबरीनंच येणार, वाटेत मावळणारच नाही. म्हणजे तिला दीड दिवस उपास.” गेल्या वर्षी बसमध्ये मला चक्कर आली होती, ते तिला आठवलं असावं. आवाज बदलला. “आई, विमानात जेवणार नसशील तर येऊच नकोस. मी बाळाकडे बघू की तुझ्याकडे?”

पहिलं बाळंतपण, परका मुलूख. लेकीला एकटं टाकवत नव्हतं आणि नेम सोडवत नव्हता.

“नेम माझ्याकडे दे,” हे टेप गुंडाळत म्हणाले.

“तुमच्याकडे? तुमचं तोंड तासभर तरी रिकामं असतं का?”

“म्हणूनच तर. तुझ्या उपासाचं देवाला आता काय नवल? माझा बघून तो उठून उभा राहील.”

“आणि सासूबाई?”

“माझीच आई ती, तिला मी समजावतो. तू परत येईपर्यंत दिवा मी लावीन आणि त्याच्याआधी घास घेणार नाही. शब्द देतो. तू पुढ्यात येईल ते खा.”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. लेकीला म्हटलं, “जेवीन गं, येते.”

निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारात त्यांनी माझी बॅग ढकलगाडीवर ठेवली, पट्टा दोनदा ओढून पाहिला. आत गेल्यावर मी काचेतून वळून बघितलं. समोरच खाण्याची टपरी होती. टपरीवाल्यानं त्यांना हाक मारली. हे क्षणभर थांबले, कढईकडे जरा जास्तच प्रेमानं पाहिलं, मान हलवली आणि सकाळच्या चढत्या उन्हात बसथांब्याकडे चालू लागले.