टोपलीतलं गिऱ्हाईक

बसा मित्रांनो, पाठ टेका. दाढी फुकट होणार नाही, पण गोष्ट फुकट ऐकवते.

मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. लोहाराने मला पाय दिले, सुताराने हात. फिरताना कुरकुरायचं, ही माझी जन्माची खोड.

माझा मालक बोलण्यात पटाईत, ऐकण्यात त्याहून. तोंडभर फेस लावलेलं गिऱ्हाईक बोलणार काय? नुसतं "हं" करतं. पण मालकाला तेवढ्यावर कळायचं. एक "हं" म्हणजे पाणी गार आहे, दुसरं म्हणजे मिशीला हात लावू नको. "नाही लावत हो काका! मिशी तुमची, वस्तरा तेवढा माझा!" लोक खूश असायचे.

त्याची बायको गिरणीत कामाला लागली, तेव्हा पाच महिन्यांची पोर दुकानात आली. माझ्यामागे टोपलीत पडलेली असायची. "आऽ" करायची आणि थांबायची. मालक गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंग. तेवढ्यात मी फिरले की कुरकुरायचे. पोर खुदकन हसायची, पुन्हा "आऽ". मला वाटायचं, बरं चाललंय आमचं.

मग एका गिऱ्हाइकाने माझ्या आवाजाची तक्रार केली. मालकाने मला तेल घातलं. मी गप्प झाले. हळूहळू पोरही गप्प झाली.

"किती गुणी लेकरू!" गिऱ्हाइकं म्हणायची. मालकाची छाती फुगायची.

त्या तेलाला तीन महिने झाले आणि मालकाची थोरली बहीण आली. टोपलीत वाकून बघत राहिली.

"काय रे, ही आवाज का काढत नाही?"

"शहाणी आहे गं ताई. बोलायला लागली की बोलू की तिच्याशी!"

"फेसातलं गिऱ्हाईक तरी कुठे बोलतं? त्याच्या हुंकारालाही तू उत्तर देतोस. हिने तुझं काय घोडं मारलंय?"

मालक टोपलीपाशी जाऊन वाकला.

त्या दुपारी त्याने माझ्या हातांवर फळी टाकली, पोरीला धरून बसवलं. "बोला बाईसाहेब, काय करू?" पोर गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. तो रोज विचारायचा आणि वाट बघायचा. डोळे भरून यायचे त्याचे.

अकराव्या दिवशी एकाची अर्धी दाढी झाली होती. टोपलीतून बारीक "अं" आलं.

मालकाने वस्तरा खाली ठेवला. "काय गं बाय?"

"अं!"

"हो का? मग पुढे?"

अर्ध्या दाढीवाला खेकसला, "अहो, माझं काय?"

"थांबा जरा. तुमच्या आधीचं गिऱ्हाईक आहे. तीन महिने ताटकळलंय."

आता पोर दिवसभर बडबडते. तरी दुकान रिकामं असलं की मालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "ते तीन महिने कुठून आणू?" मी काय सांगणार? मी तर नुसती कुरकुरत होते. त्या बिचारीने माझ्यावरच भागवलं, याची रुखरुख जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं भावंड असेल, तर ते "आऽ" करून थांबलं की तुम्ही बोला. ते थांबतं ते तुमच्यासाठीच.

आणि उठताना मला एकदा गर्रकन फिरवा. तेल सुकलंय का, बघू.