पाचवा विषय

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. सहा आठवडे नुसतं बसून करायचं काय? म्हणून मी ठकीच्या मेडिकलच्या अर्जाची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. ठकी माझी भाची. धाकटी बहीण गेली तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे.

नवव्या पानावर लिहिलं होतं, ज्या वर्षी दर सत्रात किमान पाच विषय घेतले असतील, त्याच वर्षाचे मार्क प्रवेशासाठी धरले जातील. समोर कपाटावर तिचं वेळापत्रक चिकटवलेलं. जन्मभर मापं घेतलेली बाई मी, मोजल्याशिवाय राहवतं का? चार भरले. पुन्हा मोजले. चारच!

दुपारी ती आली आणि माझे केस विंचरायला बसली.

"पाचवा विषय कुठे गेला गं?"

कंगवा थांबला. "सोडला. दुपारचा होता. तुला एका हाताने केस बांधता येतात का? धड जेवता तरी येतं का?"

"आणि मला वाटतंय, कॉलेज लवकर सुटतं! अगं शहाणे, वर्ष वाया जाईल त्याचं काय?"

"जाऊ दे. वर्षं पुष्कळ आहेत, मावशी एकच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. पण हात मोडला होता, जीभ शाबूत होती. विषय वाढवायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. तिला तशीच ओढत कॉलेजच्या ऑफिसात नेली.

खिडकीतल्या बाईंनी यादी चाळली. "सगळं भरलंय. एकच जागा आहे, प्राथमिक शिवणकाम. आठवड्याला सकाळचा एक तास, बाकी सराव घरी."

"मेडिकलला चालेल?"

"पाचवा कुठलाही चालतो. पाच भरले की झालं."

ठकी माझ्याकडे बघायला लागली. तिला मी कधी सुई हातात धरू दिली नव्हती. डोळे जातात, पाठ जाते, माझं झालं तेवढं पुरे, तू आपली डॉक्टर हो, असं लहानपणापासून बजावलेलं. आता त्याच सुईवाचून डॉक्टरकी अडली होती!

"लिहा," मी म्हटलं.

मग रोज दुपारी ती मशीनवर आणि मी शेजारच्या खुर्चीत. "पाय हळू. कापड ओढू नकोस. अगं, शिवण आहे की गोगलगायीची वाट? उसव!" ती निमूट उसवायची, मला जेवण द्यायची आणि पुन्हा बसायची.

पहिला गृहपाठ होता, घरात वापरायची कुठलीही वस्तू. तिने जुन्या मऊ चादरीची, माझा हात अडकवायला झोळी शिवली. मानेपाशी आतून कापूस भरला होता. दवाखान्यातली पट्टी मला काचायची, पण मी एका शब्दाने बोलले नव्हते. केस विंचरताना तिने मानेवरचा वळ पाहिला होता.

शिवण पार वाकडी होती. ठकी कात्री घेऊन तयारच उभी.

"उसवू ना?"

"हात लावू नकोस."

"मावशी, मार्क कापतील."

"त्यांच्यासाठी दुसरी शिव," मी म्हटलं. "ही माझी आहे."