न धुतलेली कुंडी

रोपवाटिकेत तिला सगळे लख्ख मावशी म्हणत. तिने घासलेल्या कुंडीत खुशाल जेवायला वाढावं, अशी तिची ख्याती. माती वाफवायची, कुंड्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, मगच बी पेरायचं. बावीस वर्षांत तिचं एकही रोप बुरशीने गेलं नव्हतं. रोपवाटिका चालवणाऱ्या साहेबांनाही ती सोडत नसे. "आधी हात धुवा, मग रोपाला शिवा," म्हणून दटावायची, आणि एवढा शिकलेला माणूस मुकाट्याने नळाकडे जायचा.

त्या डोंगरी झुडपाने मात्र तिची झोप उडवली. ते एकाच डोंगरावर उगवायचं आणि तो डोंगर खडीसाठी फोडला गेला. तिथून मुळांच्या मातीसकट आणलेलं शेवटचं झाड कुंडीत बी धरून मेलं. त्या बियांची चाळीस रोपं केली, पण चौथं पान आलं की ती माना टाकायची. पाणी बेताचं, मातीचा आंबटपणा मोजलेला, तरी एकोणचाळीस गेली. खिडकीशी, तडा गेलेल्या कुंडीत, एक तेवढं हट्टी कार्ट्यासारखं वाढत होतं.

"मावशी, या झाडाला डोंगराच्या मातीतली एखादी बुरशी लागत असावी," शुक्रवारी साहेब म्हणाले. "ही कुंडी धुवायची राहिली होती का? जुनी माती चिमूटभर जरी असली, तरी डबीत उरलेल्या साठ बिया तिच्यावर जगवता येतील."

तिला लख्ख आठवलं. बी पेरलं त्या दिवशी कंबर धरली होती. मेलेल्या झाडाची कुंडी तिने नुसती झटकली आणि वरून वाफवलेली माती भरली. खरं बोलायला काय जात होतं? पण पलीकडे दोन माळी कान टवकारून उभे होते.

"माझ्या हातून? काहीतरीच काय!"

"तेही खरंच," साहेब हसले.

शनिवार-रविवार तिला अन्न गोड लागलं नाही. स्वतःचीच चीड आली. सोमवारी साहेबांना एकट्यात गाठायचं ठरवून ती लवकर आली, तर साहेब आधीच हजर. रोप नव्याकोऱ्या कुंडीत उभं होतं.

"काल येऊन बदललं. कुंडी फुटायच्या बेतात होती. तुम्ही धुतलेली म्हणालात, म्हणजे माझी शंका फोल. मग उगाच धोका कशाला? मुळं बुरशीच्या औषधात बुडवली, वाफवलेली माती घातली, अगदी तुम्ही करता तस्संच." त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. "आणि हात आधी धुतले बरं का!"

"जुनी माती?"

"मोरीत. भरपूर पाणी सोडलं."

"साहेब, ती कुंडी मी धुतली नव्हती."

साहेबांचे हात तसेच राहिले. मग ते मोरीकडे गेले, गुडघ्यांवर बसले आणि जाळी उचलून आत चाचपू लागले. तीही शेजारी बसली. कोपऱ्याकोपऱ्यातून दोघांनी बोटं फिरवली. मातीचा कणही लागला नाही. शुक्रवारी जाण्याआधी तिनेच ती मोरी अशी घासली होती, की काही अडकून राहायला जागाच नव्हती.