घाटातली ओटी

फडताळातून वाटी घरंगळली. ठण्ण! मार्गशीर्षाच्या धुक्यात गुरफटलेली, निद्रामग्न, निःशब्द पहाट दचकून जागी झाली.

"निघालीस?" आतून सासूबाई. "पळ बाई, पळ. पण गेलेल्या जिवाचा डांगोरा कशाला? जुईच्या कानावर गेलं म्हणजे?"

हेमांगीनं बुटाची नाडी करकचून आवळली. उत्तरं देऊन देऊन जीभ झिजली होती.

लेक जुईच्या आधीचं तिचं बाळ निष्प्राण जन्मलं होतं. मृणालसुकुमार, मिटल्या पापण्यांचं. आणि भोवती खाटेखाटेवर इतरांची तान्ही रडत होती; त्या प्रत्येक टाहोसरशी हिचा अनाथ पान्हा वाहत होता. अशा आयांना रुग्णालयात निदान निराळी खोली मिळावी, त्यांच्या बाळांबद्दल लोकांनी तोंड उघडून बोलावं, म्हणून देणग्या गोळा करत ती आज धावत होती. वाईपासून थेट महाबळेश्वरापर्यंत.

खाली धुक्याचा दुग्धधवल सागर. सागरात बुडालेली कृष्णामाई. पूर्वेला केशराची एक रेघ. वळणामागून वळण, चढामागून चढ. श्वास धगधगले, पोटऱ्या पेटल्या. त्याहून पेटलं डोकं.

"वजन उतरवताय का वहिनी?" चहावाला.

"पोलीसभरती का ताई?" दुधाच्या गाडीवरचा.

छातीवर ठळक अक्षरं होती : मृत जन्मलेल्या बाळांसाठी. लोक वाचत, नजर खाली घालत, आणि पुन्हा वजनाचंच विचारत. अरे, शब्द आहे तो, इंगळ नव्हे!

घाटातल्या देवळाशी बायांनी वाटच अडवली. "नवस हाय व्हय लेकी, पोरासाठी? थांब, ओटी भरू."

पदर नव्हता, टी-शर्टचाच पदर झाला. तांदूळ, खण, नारळ. ओटी नाकारता येत नाही, खाली ठेवता येत नाही. आणि नारळ घेऊन कुणी घाट चढतं का? घामानं निथळणाऱ्या हेमांगीच्या वर्षानुवर्षं गिळलेल्या संतापाचा बांध फुटला.

"नवस नाही हो मावशी! माझा मुलगा मेलेला जन्मला. जुईच्या आधी. त्याच्यासाठी पळते मी. मेलेला! ऐकलंत?"

वारा थबकला. पानं थबकली. वाईपासून तिच्या सोबतीला मागून सावकाश येणाऱ्या घरच्या गाडीची काच उघडीच होती. चाकावर नवरा निरंजन, आणि शेजारी जुई, टक्क डोळ्यांनी आईकडे बघत.

बायांतल्या म्हातारीनं तांदळाची आणखी एक मूठ सोडली. "मंग तर भराय पायजेच. बाळंतीण झालीस न्हवं तू? तवा कुणी भरली?"

कुणीच नाही. कुणीच नाही.

गाडीचं दार वाजलं. जुई आली, आईच्या ओथंबल्या ओटीला खालून दोन्ही चिमुकले तळवे लावून उभी राहिली. कोवळ्या उन्हानं तांदळाचा एकेक दाणा उजळत गेला.

"आई, तो माझ्या आधी आला, पण तान्हाच राहिला ना? मग तो माझा दादा, की मी त्याची ताई?"