हे कुठे जमा करू?

तपासणीला पालिकेचे साहेब येणार असं कळलं आणि तिथेच आमचं चुकलं.

आमची खोली सार्वजनिक संडासाच्या मागे आहे. एक टेबल, दोन बाकं, एक कपाट आणि जाड पिवळे डबे, एवढंच सामान. नशा टोचून घेणारी माणसं वापरलेल्या सुया त्या डब्यात टाकतात आणि नव्या घेऊन जातात. एकाची सुई दुसऱ्याने वापरायची नाही, हा नियम. नशा सोड, असं दारातच आम्ही कुणाला सुनावत नाही. ज्याला सोडायची असते तो आपणहून विचारतो, मग सिस्टर त्याला दवाखान्यात घेऊन जाते. मी तीस वर्षं रस्ते झाडले. एकदा कचऱ्यातली सुई तळहातात घुसली आणि सहा महिने रक्ताच्या तपासण्या करत मी जीव मुठीत धरून काढले. निवृत्त झाल्यावर या खोलीत येऊन बसले ती त्यामुळेच.

तर साहेब येणार म्हणून सगळे झटून कामाला लागले. लोक ज्यांना गर्दुल्ले म्हणतात त्याच माणसांनी दोन दिवस चिमटे घेऊन गल्ली, गटाराचा काठ, पुलाखालची जागा वेचून काढली. वकील सगळ्यांच्या पुढे. हा कोर्टातला वकील नव्हे, रंगारी आहे; पण बोलण्यात कुणाला जिंकू देत नाही म्हणून वकील. भरलेले डबेसुद्धा आम्ही आदल्या दिवशीच हॉस्पिटलच्या गाडीत घालून जाळायला पाठवले. पाहुणा यायचा, घरात पसारा नको!

साहेब गल्ली फिरले. एक सुई दिसली नाही. खोलीत येऊन रिकाम्या डब्यात डोकावले.

"इथे तर काही प्रश्नच नाही," ते म्हणाले. "मग खोली कशाला अडवून ठेवलीत? आम्हाला गोदामाला जागा हवीच आहे."

सोमवारी दाराला कुलूप लागलं.

सिस्टर रडकुंडीला आली. "मावशी, आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला हो."

"उद्या गल्लीत दोनशे सुया टाकतो," वकील म्हणाला. "मग बघू प्रश्न कसा दिसत नाही."

"टाक की," मी म्हणाले. "सकाळी झाडायला माझ्या जोडीच्याच बायका येतात. कुणाच्या हातात घुसवायची तेवढं आधी ठरव."

तो मान खाली घालून बसला. तोवर बंद दारापाशी पाच-सहा जण जमले होते. प्रत्येकाच्या खिशात वापरलेल्या सुया. एक जण म्हणाला, "मावशी, आता या कुठे टाकायच्या?"

"ज्यांनी कुलूप लावलं त्यांनाच विचारू," मी म्हणाले.

"म्हणजे पालिकेच्या ऑफिसात? भर दिवसा, तोंड दाखवून? माझा मेहुणा शिपाई आहे तिथे!"

"बरं झालं. ओळखीचं कुणीतरी भेटेल."

हसले सगळे. मी बजावून सांगितलं: सुया जाड बाटलीत घाला, झाकण घट्ट लावा, वरून चिकटपट्टी मारा. घोषणा नाही, शिवी नाही. एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसच्या दारात मी मोजली, अडतीस माणसं आली होती. मला दहासुद्धा येतील असं वाटलं नव्हतं. मेहुण्यावाला दाढी करून आला होता.

वकील खिडकीशी गेला. "ताई, हे कुठे जमा करू?"

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय आहे?"

"वापरलेल्या सुया. खोली बंद आहे, रस्त्यावर टाकायच्या नाहीत, घरात लहान मुलं आहेत."

बाईंनी पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "आवक-जावकला विचारा."

आवक-जावकचा कारकून उडालाच. "याला आवक नंबर देता येत नाही!"

"मग नुसती पोच द्या," वकील म्हणाला.

त्याच्यामागे दुसरा, तिसरा, दहावा. तोच प्रश्न, तितक्याच नम्रपणे. हजेरी लावायला आलेल्या झाडूवाल्या बायकांनी मला पाहिलं आणि काही न विचारता रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा मुकादम ओरडायला आला आणि बाटल्या बघून थांबला.

साहेब तरातरा खाली आले. "हा काय तमाशा लावलाय?"

"तमाशा नाही साहेब, रांग आहे," वकील म्हणाला.

तेवढ्यात मुकादम पुढे झाला. "साहेब, आधी महिन्याला माझ्या एका तरी बाईला सुई लागायची. ही खोली झाल्यापासून दोन वर्षांत एकीलाही नाही. खोली बंद राहणार असेल तर त्या गल्लीत मी माणसं पाठवणार नाही. तुम्ही झाडा."

आरोग्य खात्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई जिन्यातून सगळं ऐकत होत्या. त्या खाली आल्या, एक बाटली उचलून पाहिली. "गल्लीत सुई दिसली नाही म्हणून खोली बंद केलीत? अहो, ती का दिसली नाही हे एकदा तरी विचारलंत का?"

साहेबांनी खिशातून खोलीची किल्ली काढली.

"खोली चालू राहील असं आम्हाला लेखी द्या," मी म्हणाले. "आणि संडासात एक लोखंडी पेटी बसवून द्या, खोली बंद असते तेव्हासाठी."

डॉक्टरीणबाईंनी तिथेच उभ्या उभ्या आदेश लिहून घेतला, पेटीसकट. किल्ली घेऊन साहेब स्वतः आमच्याबरोबर चालत आले. मागे अडतीस माणसं, झाडूवाल्या बायका आणि मुकादम. बघणाऱ्याला वाटलं असेल, वरातच निघाली. कुलूप निघालं तेव्हा वकिलाने अशी शिट्टी मारली की सिस्टरने कानावर हात ठेवले, आणि मग तिनेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

त्या दुपारी चार नवी माणसं आली. त्यांनी रांग पाहिली होती.

ऑफिस सुटल्यावर खिडकीतल्या बाई आल्या. दारातच थांबल्या.

"माझा भाऊ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरात कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्याला आणलं तर... तुम्ही रागवणार नाही ना?"

"बाई," मी म्हणाले, "आधी आत या. उभ्या काय राहिलात?"

वकिलाने उठून आपली जागा त्यांना दिली.