ओढून पाहिलेलं झाड

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सकाळी तो रास्त होता. झाडाची तपासणी अजून व्हायची होती आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी झाडं तोडणाऱ्यांचा ट्रक आधीच अंगणात आणून उभा केला होता. डॉक्टर आत, आणि खांदेकरी दारात!

झाडांची निगा राखणं हा माझा पेशा. कुठलं झाड राखायचं, कुठलं छाटायचं, कुठलं उतरवायचं, हे मी ठरवून देते. हा शिरीष मात्र माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या खिडकीसमोरचा, आणि तो तोडा म्हणून सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. महिन्यापूर्वी वाऱ्यात त्याची एक वाळकी फांदी काच फोडून थेट त्यांच्या पलंगावर आली. वेळेवर छाटली असती तर पडलीच नसती. जाऊबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्या खोलीत त्यांनी झोपणंच सोडलं होतं. त्यात कुणीतरी खोडावर हातोडी मारून पाहिली. पोकळ आवाज आला आणि सगळ्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोकळ म्हणजे कमजोर नव्हे," मी दहादा सांगितलं. "पाइपही पोकळच असतो."

"पाइप माझ्या अंगावर पडत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

शेवटी झाड ओढून पाहायचं ठरलं. उंचावर खोडाला पट्टा बांधायचा, त्याला तारेचा दोर लावायचा आणि हाताने दांडा मारून चालवायच्या विंचने तो ओढायचा. बुंध्याशी कल मोजायचं यंत्र बसवायचं. ठरलेला जोर लावल्यावर बुंधा मर्यादेपलीकडे कलला, तर मुळांची पकड गेली असं समजायचं. निकाल काहीही लागो, मी मान्य करीन, असा शब्द मी जाऊबाईंना दिला होता. विंच अडकवायला अंगणात दुसरं काही भक्कम नव्हतं, म्हणून ती त्या ट्रकलाच अडकवली.

मी दांडा मारू लागले. दोर ताठ झाला. यंत्राचा काटा सरकला, मर्यादेला टेकला आणि सरळ पुढे गेला.

"बघ," जाऊबाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं नाही. सेक्रेटरींनी मात्र लगेच खूण केली आणि करवत घरघरायला लागली.

मला रडू येत होतं, म्हणून मी यंत्रावर भडकले. ते काढायला तणतणत खाली वाकले, आणि तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. खोड मातीत सरळसोट घुसलं होतं, एखाद्या खांबासारखं. झाड असं जमिनीत शिरत नाही. त्याचा बुंधा खाली पसरतो आणि मुळांना मिळतो. तो पसरट भाग जाऊबाईंच्या वाफ्याखाली गडप झाला होता. फुलझाडांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं हौसेने खोडाला लागून माती चढवली होती. म्हणजे बुंधा समजून मी यंत्र लावलं होतं ते खोडाला, बरंच वर. ओढल्यावर खोड थोडं वाकणारच, आणि ते वाकणं मी मुळांच्या नावावर मांडत होते.

"करवत बंद करा!" मी अशी ओरडले की वरच्या मजल्यांवरचे लोक खिडक्यांत आले. "ताई, मी मोजायला चुकले. खरा बुंधा तुमच्या वाफ्याखाली आहे. सगळी माती काढावी लागेल."

"आणि माझी फुलं?"

"फुलंही जातील. पण या मातीखाली झाड गुदमरतंय हो."

"मॅडम, निकाल लागलाय," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही शब्द दिला होतात."

"शब्द मला दिला होता," जाऊबाई त्यांच्यावर उखडल्या. "आणि मला भ्यायचंच असेल, तर खरं काय ते कळल्यावर भीन." त्यांनी बाह्या सरसावल्या, खुरपं घेतलं आणि पहिलं रोप स्वतःच्या हाताने उपटलं.

मग मी बसले, शेजारच्या बायका बसल्या, तोडायला आलेल्या माणसांनीही फावडी घेतली. मातीखालून मुळं वर आली, मांडीएवढी जाड, चारी दिशांना पसरलेली, कुठेही कूज नाही. यंत्र मी तिथे, अगदी बुंध्यावर बसवलं आणि पुन्हा दांडा मारायला लागले. ठरलेला जोर झाला. काटा जेमतेम थरथरला.

"पास!" मी म्हणाले. माझ्या जिवात जीव आला.

"आणखी ओढ," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, एवढं पुरे असतं."

"पलंग माझा आहे. ओढ!"

मी काट्यावर डोळा ठेवून ओढलं. दोर कुरकुरला. मग करकर असा मोठा आवाज झाला आणि सगळे भराभर मागे सरले. जाऊबाई तेवढ्या जागेवर उभ्या राहिल्या. काटा अजून मर्यादेच्या कितीतरी आत होता. आवाज अंगणातल्या खडीचा होता. हँडब्रेक लावलेला तो अवजड ट्रक चाकं घासत झाडाकडे सरकत होता.

खिडक्यांतून टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. करवतवाला पोट धरून हसायला लागला. मी दांडा सोडून दिला आणि सगळ्यांसमोर खुशाल रडले. इतका आनंद मला कुठल्याच झाडाने दिला नव्हता.

जाऊबाई मातीने भरलेले हात वर करून ट्रकसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो ड्रायव्हर, मागे घ्या तो ट्रक!" त्या ओरडल्या. "माझ्या झाडाला लागेल!"