पाटावरची धाकटी

"पूजेतलं हत्यार हलवायचं नाय," म्हणत गोदावरी पाटाच्या आड उभी राहिली. "उद्या उत्तरपूजा झाली की न्या हवं तर समुद्रात."

दारात नळयोजनेचे इंजिनिअर आमोद देसाई बूट काढावेत की नाही या विचारात उभे होते. त्यांच्या कमरेला पेजर होता. महाड तालुक्यात तो एकदाही वाजला नव्हता, पण कमरेला शोभून दिसे.

"वहिनी, नदीतल्या पाइपाची जाळी तुंबलीय. चार गावांना कालपासून पाणी नाही. उद्या दसरा. लोक माझी पूजा बांधतील."

"आज खंडेनवमीच हाय. बसा पाटावर."

पाटावर मात्र जागा नव्हती. तिथं तिच्या नवऱ्याचा, हरीचा, सगळा धंदा मांडला होता. पाठीवर बांधायची हवेची मोठी टाकी, शेजारी दुधाच्या किटलीएवढी लहान टाकी, चाकू, पाना आणि पाण्यातला चष्मा. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. लहान टाकीच्या नळीला पिवळा दोरा बांधला होता. मोठीला पुरेल एवढा दोराच उरला नव्हता.

हरी हा दासगावातला एकुलता एक पाणबुड्या. मुंबईच्या गोदीत उमेदवारी करून तो गावी परतला तो या दोन टाक्या घेऊन. एकीला थोरली म्हणायचा, दुसरीला धाकटी. हवा भरायला त्या मुंबईला न्याव्या लागत. एसटीचा कंडक्टर थोरलीला लगेज लावी आणि धाकटीचं अर्धं तिकीट फाडी. थोरलीनं पाण्याखाली दगा दिला तर वर येण्यापुरती हवा धाकटीत असे, पण थोरलीनं कधी दगा दिला नव्हता. त्यामुळे धाकटी वर्षानुवर्षं नदीत जाऊन नुसती भिजून परत येई. लोक म्हणत, हरीनं एक घरात नांदवली, एक कमरेला मिरवली. सावित्रीत मगरी आहेत, त्यांची भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं की हरी म्हणे, "मगर निदान पोटासाठी करते." गोदीतल्या उस्तादानं त्याला बजावलं होतं, की परतीची हवा कमरेला वेगळ्या पट्ट्यानं बांधायची, मोठ्या टाकीला नाही. ज्या सकाळी उस्ताद हे बोलला, त्या सकाळी त्याची स्वतःची लहान टाकी दुरुस्तीला गेली होती. उस्तादाचं ते शेवटचं बोलणं.

हे शेवटचं हरीनं घरी कधी सांगितलं नव्हतं. बायकोला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे ती.

"पाणी नाय म्हणजे पोरंबाळं तहानली असतील गो," हरी आतून येत म्हणाला.

गोदावरीनं पाटाकडे पाहिलं. मग तिनं देवाशी परस्पर तडजोड केली. "पाट रिकामा करायचा नाय. एक तरी हत्यार बसून राहू दे."

"कुठलं?"

"तुमची धाकटी. तिनं आजवर कुठलं काम केलंय?"

यावर हरीकडे उत्तर होतं, पण ते उस्तादाचं होतं. त्यानं थोरली उचलली, चाकू, पाना आणि चष्मा घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसला. बसताना त्याचा हात सवयीनं कमरेच्या डाव्या बाजूला गेला. तिथं काही नव्हतं. हात तिथंच थांबला. गोदावरीनं ते दारातून पाहिलं.

जीप गेल्यावर तिनं गवार निवडायला घेतली, मग ठेवून दिली. चूल पेटवली, विझवली. भिंतीवरच्या देवाला सांगितलं, की मी तुझ्याचसाठी केलं. देवानं नेहमीप्रमाणे मत दिलं नाही. पाटावर धाकटी एकटीच बसली होती, हार गळ्यात घालून. हार घातलेली वस्तू एकटी बरी दिसत नाही, हे गोदावरीच्या तेव्हा लक्षात आलं.

तिनं स्वयंपाकघरातली विळी आणली, धुतली, कुंकू लावून पाटावर ठेवली. हत्यार ते हत्यार. मग धाकटी काखेत मारून ती रस्त्याला लागली.

मिनीडोर रिक्षात आवडी कोळीण बसली होती. "काय गो, एवढासाच गॅस मिळाला?"

"गॅस नाय. हवा हाय. ह्यांची."

"हवा घरी इसरला आणि माणूस नदीवर गेला? पुरुषांचं डोकं म्हंजे." आवडीनं टोपली सरकवून टाकीला जागा करून दिली. गोदावरीनं टाकी मांडीवरून खाली ठेवली नाही.

तुडील गावाच्या अलीकडे नदीकाठी ती उतरली तेव्हा हरी पाण्याखाली होता. पावसाळ्यानंतरचं पाणी, चहासारखं गढूळ. पंप चालवणारा मोरू हरीला बांधलेला दोर हातात धरून बसला होता. वर नुसते बुडबुडे येत होते.

"वहिनी, तुमी कशाला? बुडबुडं येतात तवर नवरा तुमचा."

"आणि नाय आले तर?"

मोरूला हे असं पुढं विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. त्यानं दोराचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

इतक्यात हरी वर आला. "कुणाचं तरी वाहून आलेलं जाळं हाय, जाळीला घट्ट बसलंय. कापावं लागंल." मग काठावर बायको दिसली, तिच्या काखेत टाकी दिसली. तो नुसता डावा हात उचलून उभा राहिला. गोदावरी गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं पट्टा कमरेला आवळला. नळीचा दोरा सोडायला गेली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. अंधारात हाताला कळंल."

"पाट रिकामा नाय ठेवला," ती म्हणाली.

"काय ठेवलंस?"

"विळी."

हरी हसला आणि खाली गेला.

बुडबुडे आले, येत राहिले. आमोद पेजरकडे पाहत होते. मग दोराला हिसका बसला. मोरू उठला. पुन्हा हिसका. पाण्यावर एकदम बुडबुड्यांचा ढीग उसळला, पातेलं उतू जावं तसा. आणि मग काही नाही.

"ओढा," आमोद म्हणाले.

मोरूनं ओढलं. दोर आधी हलेना, मग एकदम हलका झाला आणि रिकामाच हातात आला. गोदावरीनं टोक पाहिलं. सुरीनं कापल्यासारखं साफ होतं. त्यांनीच कापला असेल, ती मनात म्हणाली, आणि मग तेच पुन्हा म्हणाली. पाणी सपाट होतं. पलीकडच्या काठावर एक म्हैस निवांत पाणी पीत होती, आणि गोदावरीला त्या म्हशीचा भयंकर राग आला.

बऱ्याच खाली, करंजाच्या झाडापाशी, पाण्यातून डोकं वर आलं. बाकी कुणी काही बघायच्या आत गोदावरीनं एवढंच पाहिलं, की तोंडातल्या नळीला पिवळा दोरा आहे.

मोरूनं त्याला ओढून काठावर घेतलं. हरीच्या पाठीवर काही नव्हतं.

"थोरली राहिली," तो श्वास जागेवर आल्यावर म्हणाला. "जाळ्यात. जाळ्यानं तोंडातली नळीच ओढून घेतलीन." मग आमोदांकडे वळून, "जाळी मोकळी झालीय सायेब. पण थोरली काढेस्तवर पंप हळूच चालवा."

"ती उद्या काढू," आमोद म्हणाले.

"उद्या नाय. परवा. उद्या दसरा."

संध्याकाळी घरी धाकटी धुवून पुसून पुन्हा पाटावर बसली. विळी शेजारीच होती, आणि आता तीही पूजेतली होती, म्हणून हलवता येत नव्हती. गवार तशीच पडली होती. गोदावरीनं टोपली पुढं ओढली तेव्हा हरी न सांगता समोर येऊन बसला आणि एकेक शेंग हातानं मोडू लागला. शेंगा वाकड्यातिकड्या तुटत होत्या. काही तुकडे बोटाएवढे, काही नखाएवढे.

गोदावरीनं त्याच्या बोटांकडे पाहिलं नाही. तिनं मोडलेल्या शेंगा पुढं घेतल्या आणि लांब तुकडे पुन्हा मोडत बसली.